वाट आधी त्यानेच पाहिली

एखाद्या बुजुर्ग गायकाचा नवा अल्बम येणार, आणि तोही ‘अकूस्टिक’, अशी बातमी आली की रसिकांचे कान टवकारतात. अकूस्टिक म्हणजे विजेवर चालणाऱ्या वाद्यांचा फौजफाटा बाजूला ठेवून गळा आणि हातातले साधे वाद्य यांच्या भरवशावर केलेले गाणे. या उत्सुकतेत थोडी धाकधूकही असते. साठी-सत्तरीच्या आवाजाला मग कसलाच आडोसा उरत नाही. दम कुठे अपुरा पडला, सूर कुठे किंचित हलला, सगळे उघड्यावर येते. आपला आवडता गायक यातून कसा उतरेल, ही काळजी आपल्याला घरच्या माणसासारखी लागते.

पण वाचकहो, कधी कधी अशा अल्बमची वाट श्रोत्यांच्या आधी खुद्द गायकानेच पाहिलेली असते, आणि तीही वर्षानुवर्षे. अमेरिकेतील जॉनी कॅशची गोष्ट तशीच आहे.

आर्कान्सा राज्यात कापसाच्या शेतावर वाढलेल्या या माणसाची पहिली रेकॉर्ड १९५५ साली मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्सने काढली. अंगात कायम काळे कपडे आणि खर्जातला आवाज, ही त्याची ओळख. सुरुवातीला साथीला दोनच वादक असत, ढोल-ताशा नाही. तालवाद्याची उणीव भागवायला हा पठ्ठ्या गिटारच्या तारांत कागदाची घडी सरकवून वाजवायचा! पुढे १९६८ साली कॅलिफोर्नियातील फॉल्सम तुरुंगात कैद्यांसमोर केलेल्या कार्यक्रमाच्या रेकॉर्डने त्याचे नाव घरोघरी नेले. १९६९ मध्ये त्याचा स्वतःचा टीव्ही कार्यक्रमही सुरू झाला.

मग उतार लागला. ज्या कोलंबिया कंपनीसाठी तो पाव शतकाहून अधिक काळ गायला, तिने १९८६ मध्ये त्याच्याशी करार संपवला. नव्वदीच्या सुरुवातीला कॅश गात होता, पण त्याच्या नव्या अल्बमची वाट पाहणारे फारसे कोणी उरले नव्हते. लोकांना हवी होती ती जुनीच गाणी.

त्याच्या मनात मात्र एक इच्छा कधीपासून घर करून होती. मागे वादक नकोत, कोरस नको; रात्री एकट्याने बसून गिटारवर गावे तसा एक अल्बम करायचा. याचा पुरावाच मागाहून सापडला. टेनेसीतील हेंडरसनव्हिल येथे त्याचा स्वतःचा स्टुडिओ होता. तेथे १९७३ पासून पुढे त्याने फक्त आवाज आणि गिटार अशी कितीतरी गाणी टेपवर घेऊन ठेवली होती. आईकडून ऐकलेली, देवळात म्हटलेली, स्वतः रचलेली. त्याच्या मृत्यूनंतर त्या टेपांची पेटी उघडली आणि २००६ साली ‘पर्सनल फाइल’ या नावाने ४९ गाणी बाहेर आली. म्हणजे त्यातली काही गाणी तब्बल ३३ वर्षे पेटीत पडून होती.

ही इच्छा पुरी व्हायला एक परका तरुण यावा लागला. रिक रुबिन हा निर्माता रॅप आणि हेवी मेटलसारख्या दणदणाटी संगीतासाठी प्रसिद्ध. १९९३ मध्ये त्याने कॅशला गाठले, तेव्हा त्याची स्वतःची तिशी जेमतेम भरली होती. त्याने कॅशला लॉस एंजेलिसमधल्या आपल्या दिवाणखान्यात बसवले आणि सांगितले, तुम्हाला आवडतात ती गाणी म्हणा. कॅश गात गेला, टेप फिरत राहिली. वादक घेऊनही काही प्रयोग करून पाहिले. पण शेवटी दोघे परत तिथेच आले, एक माणूस आणि एक गिटार.

लॉस एंजेलिसच्या व्हायपर रूम या छोट्या क्लबात कॅशने एकट्याने गिटार घेऊन कार्यक्रम केला. जवळजवळ चाळीस वर्षे मागे वादक घेऊन उभा राहिलेला हा कसलेला गडी त्या रात्री चांगलाच धास्तावला होता. त्या कार्यक्रमातील दोन गाणी धरून १३ गाण्यांचा ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’ हा अल्बम एप्रिल १९९४ मध्ये निघाला. कॅश तेव्हा ६२ वर्षांचा होता. खपाच्या यादीत अल्बम ११० व्या क्रमांकाच्या वर चढला नाही. पण समीक्षकांनी डोक्यावर घेतला, ग्रॅमी मिळाला, आणि त्याच जून महिन्यात इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात नातवंडांच्या वयाची पोरे त्याला ऐकायला उभी होती.

यानंतर मात्र लोक खरोखरच वाट पाहू लागले. १९९६, २०००, २००२ असे आणखी तीन अल्बम आले. सोबत वादक पुन्हा आले, पण मध्यभागी तोच थकत चाललेला आवाज होता आणि तो झाकण्याचा प्रयत्न कोणी केला नाही. मे २००३ मध्ये पत्नी जून कार्टर गेली. त्यानंतरही कॅश जमेल तसा गात राहिला आणि १२ सप्टेंबर २००३ रोजी तोही गेला. त्या शेवटच्या काळातील गाण्यांचा अल्बम जुलै २००६ मध्ये आला आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेला. असा मान त्याला १९६९ नंतर प्रथमच मिळत होता. पाहायला तो नव्हता.

बदललेल्या आवाजातला मोठेपणा ओळखणे आपल्या भागाला नवे नाही. हुबळीच्या गंगूबाई हानगल यांचा सुरुवातीच्या रेकॉर्डमधला बारीक आवाज घशाच्या शस्त्रक्रियेनंतर पालटला. तोच जड, भारदस्त आवाज पुढे त्यांची ओळख ठरला. श्रोत्यांनी जुन्या आवाजाचा हट्ट धरला नाही.

मग आपल्या आसपासच्या वडीलधाऱ्या कलावंतांचे आपण काय करतो? गावोगावचे भजनी बुवा, संगीत नाटकांत कधीकाळी पदे म्हटलेले आजोबा, जात्यावरच्या ओव्या पाठ असलेल्या आजी. अमृतमहोत्सवाला शाल, श्रीफळ देतो, फोटो काढतो. फार तर ‘ते जुने एक होऊन जाऊ द्या’ म्हणतो, तेही मागे कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड लावून. तुमच्या मनात काय गायचे आहे, हा प्रश्न कोणी विचारतच नाही. सगळ्यांनाच एखादा रुबिन भेटत नाही.

सुदैवाने त्यासाठी आज स्टुडिओ लागत नाही. खिशातला मोबाइल पुरतो. दुपारची शांत वेळ पाहावी, पंखा आणि टीव्ही बंद करावा, मोबाइल जवळ ठेवावा आणि त्यांना हवे ते गाऊ द्यावे. मध्ये खोकला आला, शब्द विसरला तर थांबवू नये. कोणते गाणे, कोणाकडून शिकले, हेही त्यांच्याच तोंडून बोलून घ्यावे आणि वर तारीख लिहून ठेवावी. त्यांच्या डोक्यातली पेटी त्यांच्यानंतर कोणाला उघडता येणार नाही. येत्या रविवारी विचारून तर पाहा.