ग्राफिक्स कार्ड गेलं नव्हतं, धूळ साचली होती

चाकणमध्ये राहणाऱ्यांनी आणि इथून रोज ये-जा करणाऱ्यांनी जरा वेळ काढून वाचा. सुरुवात घरातल्या कॉम्प्युटरची आहे, पण विषय सगळ्यांचा आहे.

आमच्या चिरंजीवांचा गेमिंगचा कॉम्प्युटर पाच वर्षांपूर्वी घेतलेला. त्यावर गेम चालतो, त्यावरच कॉलेजचं डिझाईनचं कामही चालतं. गेले दोन महिने तक्रार एकच. सुरू केला की दहा मिनिटं मस्त चालतो, मग गेम अडखळायला लागतो, पंखे मिक्सरसारखे ओरडतात आणि कधी कधी मशीन आपोआप बंद. दुकानात दाखवला. उघडून न बघताच सांगितलं, "कार्ड गेलं, नवीन टाका. तीस हजार धरून चाला." माझ्यासारख्या तालुका पातळीवरच्या पत्रकाराला तीस हजार म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

शेजारचा एक मुलगा ऑटो पार्ट्सच्या कंपनीत मेंटेनन्सला आहे. फर्स्ट शिफ्ट करून आला होता. म्हणाला, "भाऊ, थांबा. आमच्याकडे मशीन बंद पडलं की आधी व्हाय-व्हाय करतात, मग पार्ट बदलतात." टोयोटातून जगभर गेलेली ही पद्धत चाकण-भोसरीतल्या कामगारांना पाठ असते. 'का?' हा प्रश्न विचारत राहायचं, मूळ कारण हाती लागेपर्यंत.

मग बसलो. अडखळतो का? तापमान दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं आणि गेम चालू ठेवला. ग्राफिक्स कार्ड ७२ अंशांवर निवांत, पण प्रोसेसर ९८ वर! इतका तापला की प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे कार्ड निर्दोष.

तापतो का? पंखा तर फिरत होता, पण हवा पुढे जात नव्हती. का जात नव्हती? कॅबिनेटचं झाकण काढलं, तर कूलरच्या पात्यांमध्ये धुळीची अक्षरशः गादी. पुढची जाळी पाच वर्षांत एकदाही धुतलेली नाही. कूलर काढला, तर खालची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली.

वीज काढून, ब्रश आणि ब्लोअरने साफ केलं. (ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवायचा. तो भन्नाट फिरला तर खराब होऊ शकतो.) जुनी पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावली आणि जमिनीवरचं कॅबिनेट टेबलावर ठेवलं. खर्च चारशेच्या आत. आता तोच गेम तासभर चालतो आणि प्रोसेसर ७६ च्या वर जात नाही.

इथे पोस्ट संपायला हवी होती. पण त्या मुलाने झाडू हातात घेता घेता विचारलं, "भाऊ, एवढी धूळ आली कुठून?"

खिडकीतून. खिडकी रस्त्यावर. पुणे-नाशिक महामार्ग असो की तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता, साईडपट्ट्या कच्च्या. खड्ड्यात मुरूम टाकतात, दोन दिवसांत चाकांखाली त्याची पावडर होते. खडी-क्रशसँडचे डंपर ताडपत्री न टाकता पळतात. दुभाजकाच्या कडेला साचलेली माती पुढच्या पावसापर्यंत तशीच.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नाशिक फाटा ते खेड हा ३० किलोमीटरचा आठपदरी उन्नत मार्ग मंजूर केला, ७,८२७ कोटींचा. तो हवाच आहे. कोंडीत दोन-दोन तास अडकणाऱ्याला विचारा. पण मोठं काम येणार म्हणून छोटी कामं थांबवणं म्हणजे नवीन कार्ड येणार म्हणून जाळी न धुणं. साईडपट्टी पक्की करणं, माती उचलणं, ताडपत्री नसलेला डंपर अडवणं, याला हजारो कोटी लागत नाहीत. अर्ज घेऊन गेलं की एक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवतं. हद्द कुणाची, हा प्रश्न माणसांना पडतो. धूळ ती विचारत नाही.

काही जण म्हणतील, पोराचा गेम बंद करा, विषय संपला. पण कॉम्प्युटर निदान तापून बंद तरी पडला, म्हणून आम्ही आत बघितलं. आंबेठाण चौकात दिवसभर उभा असणारा वाहतूक पोलीस, वडापावची गाडी लावणारी ताई, बसची वाट बघणारे कंत्राटी कामगार, हे रोज तीच धूळ श्वासातून आत घेतात. त्यांचं झाकण उघडून ब्लोअर मारता येत नाही.

ज्या पट्ट्यातल्या कंपन्या तासाभराच्या ब्रेकडाउनचं कारण फळ्यावर लिहून काढतात, तिथल्या रस्त्यांना 'का?' कुणीच विचारायचं नाही का?

तुमच्या भागात धूळ नेमकी कुठून येते? जागा आणि फोटो कमेंटमध्ये टाका. यादी करून एकत्र निवेदन देऊ. आणि हो, घरचा कॉम्प्युटर अडखळत असेल, तर पैसे मोजायच्या आधी एकदा झाकण उघडून बघा.