डबक्यातील भैकेर आणि हरवलेला पाय

मल्लेश्वरम येथील काडू मल्लेश्वराचे देवालय मराठी वाचकास अगदीच परके नाही. तेथील १६६९ च्या शिलालेखात व्यंकोजीराजांचे दान नमूद आहे. या वस्तीच्या कडेला १८८२ मध्ये बांधलेला सँकी तलाव असून जवळच भारतीय विज्ञान संस्थेचे आवार आहे. पाणी आणि प्रयोगशाळा यांचा हा शेजार पाहिला की उभयचरांतील अवयवांच्या पुनर्जननाचा विषय आठवतो.

या विषयात मेक्सिकोच्या ॲक्सोलॉटलचेच नाव घेण्याची प्रथा पडली आहे. त्याचा पाय तोडला असता खुंटावर पेशींचा कोंभ येतो आणि नेमका हरवलेला भागच पुन्हा घडतो: मनगटापाशी तोडल्यास पंजा, खांद्यापाशी तोडल्यास सबंध पाय. आपण कोठे आहोत, हे पेशींना कसे कळते? २०२५ मध्ये याचे महत्त्वाचे उत्तर मिळाले. जीवनसत्त्व अ पासून शरीरात रेटिनॉइक आम्ल बनते. ‘सिप२६बी१’ या जनुकामुळे तयार होणारे विकर त्या आम्लाचा नाश करते, आणि हे कार्य मनगटाकडे अधिक चालते. ते रोखले की मनगटाच्या खुंटावरही वरचे भाग उगवू लागतात.

परंतु जीवनसत्त्व अ चा हा विलक्षण प्रभाव नियाझी आणि सक्सेना यांनी १९७८ मध्येच भारतीय भेकाच्या भैकेरांत दाखविला होता. पुढे १९९२ मध्ये भुवनेश्वरच्या प्रियंवदा मोहंती-हेजमाडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘युपेरोडॉन सिस्टोमा’ या बेडकाच्या भैकेरांची शेपटी कापून त्यांना जीवनसत्त्व अ दिले, तेव्हा शेपटीच्या जागी चक्क पाय फुटले! आपल्या पाठ्यपुस्तकांत ॲक्सोलॉटलच्या आधी ही हकीकत यावयास हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बेडकाच्या भैकेरात पाय पुन्हा वाढविण्याची शक्ती असते. प्रौढपणी ती जाते. त्या काळात कोणती जनुके मिटतात, हे शोधण्यास भैकेरासारखे साधन नाही. मात्र युपेरोडॉन एरवी जमिनीत पुरून राहतो आणि पावसाळी डबक्यांत अंडी घालतो. बांधीव काठाचा तलाव त्याच्या फारसा उपयोगाचा नाही. त्याला मोकळी माती आणि काही आठवडे टिकणारे उथळ पाणी लागते. नगररचनेच्या नकाशात अशा डबक्याला नावही नसते, म्हणून ते विनातक्रार बुजविले जाते. तलावांच्या सुशोभीकरणावर होणाऱ्या खर्चाचा अल्पसा अंश अशा जागा राखण्यास द्यावा, आणि दर जूनमध्ये त्यांची नोंद करण्याचे काम जवळच्या महाविद्यालयांनी अंगावर घ्यावे.