गाडीतलं आसन कधी उलटून पाहिलंय का?



आमची गाडी बारा वर्षांची झाली. ड्रायव्हरच्या सीटचा दरवाजाकडचा काठ फाटला होता, फोम दबला होता. मागची सीटही बसली होती. बाहुबलीला दर्शनाला जाताना सासूबाईंची कंबर धरायची. मुलगा म्हणाला, "आई, गाडीच बदलू." यांनी तर लेदर सीटची चौकशीही करून ठेवलेली.

मी दोघांनाही नाही म्हटलं. मंदिरात जाताना आपण चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवतो. मग मंदिरापर्यंत चामड्यावर बसून जायचं, हे कसं चालेल?

दुकानात मात्र नावावर जाऊ नका. लेदर म्हणून दाखवतात त्यात पुष्कळदा रेक्झिनही असतं. तुकडा उलटा करून पाहा. रेक्झिनला मागून कापड असतं, चामडं मागून तंतुमय, खरखरीत लागतं. पण चामड्याचा भुगा चिकटवलेल्या मालालाही मागे कापड असू शकतं. म्हणून शंका आली तर सरळ कापडी खोळ घ्यावी. हे तपासताना कळलं, आमच्या स्टिअरिंगचं कव्हरच चामड्याचं होतं. इतकी वर्षं मी पाहिलंच नव्हतं!

कारागिराने खोळ उतरवली. लोखंडी सांगाडा, स्प्रिंगा धडधाकट होत्या. दबलेल्या जागी नवा घट्ट फोम बसवला. फाटलेला भाग उसवून त्याच मापाचा नवा तुकडा शिवला. बाकी सगळं जुनंच ठेवलं. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर कारागिराला आधीच सांगा. वरून घट्ट कव्हर चढवलं तर तिची उघडायची वाट अडते.

खरी लाज मात्र खोळीखाली निघाली. बिस्किटांचा चुरा, चिवड्याचे कण आणि मेलेल्या मुंग्या. चामडं नको म्हणून मी वाद घालत होते आणि माझ्याच हलगर्जीपणाने किती जीव गेले होते! आता गाडीत खाणं बंद, आणि दर आठवड्याला मऊ कुंच्याने सीटच्या फटी झाडते.

कुणी म्हणेल, रेक्झिन आणि फोम तरी कुठे निर्दोष? खरं आहे, तेही प्लास्टिकच. म्हणूनच झिजलं तेवढंच बदलावं. अपरिग्रह म्हणजे नुसतं न घेणं नव्हे. घेतलेलं नीट सांभाळणंही त्यातच येतं, असं मला वाटतं.

परवा सासूबाई बाहुबलीपर्यंत एकदाही कण्हल्या नाहीत. तुम्हीही आज आपल्या गाडीची सीट आणि स्टिअरिंग तपासा. चूकभूल क्षमा असावी.