गोपाळपूरला जाऊन करायचं काय?

ओडिशातल्या गोपाळपूरला पोस्टिंग आली की नातेवाइकांचे फोन सुरू होतात. "तिथे बघण्यासारखं काय आहे?" यादी करायला बसलं तर दोन ओळींत संपते: एक किनारा, एक दीपगृह, जुन्या बंदराच्या काही पडक्या भिंती. मग पाहुणे पुरी-कोणार्कच्या दौऱ्यातून गोपाळपूरसाठी तीन तास काढतात, पाण्यात उतरतात, फोटो घेतात आणि निघून जातात. माझं मत स्पष्ट आहे. तीनच तास असतील तर येऊ नका. दोन रात्री राहणार असाल तर जरूर या, आणि काय करायचं याबरोबर काय करायचं नाही हेही ठरवून या.

आम्हा एअर डिफेन्सवाल्यांना हे गाव माहेरासारखं. आमचं कॉलेज १९८९ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत तोफखाना स्कूलचा भाग होतं. तिथून ते इथे आलं. त्यामुळे आमच्यातला प्रत्येक जण कधी ना कधी कोर्सच्या निमित्ताने हा समुद्र बघतोच.

गाडीने यायचं तर ब्रह्मपूर स्टेशनला उतरा. तिथून सोळा-सतरा किलोमीटर. पहिल्या सकाळी उजाडताच किनाऱ्यावर जा. मासेमारी करणारे नोलिया लोक बहुतेक तेलुगू बोलतात, कारण आंध्रची हद्द जवळच आहे. बोटी लाटांतून वर ओढल्या जातात, जाळी झटकली जातात आणि वाळूवरच मासळीचा सौदा होतो. आपल्या कोळणी आणि इथल्या बाया यांच्या घासाघिशीत भाषेचाच काय तो फरक. मासळी घ्या आणि एखाद्या छोट्या खानावळीत करून मागा. पैसे गावातच राहतील.

मग त्या पडक्या भिंतींपाशी थांबा. इंग्रजांच्या काळात हे गजबजलेलं बंदर होतं. गंजाम जिल्ह्यातली माणसं मजुरीसाठी इथूनच जहाजाने रंगूनला जात. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि ही वाहतूक थांबली. एका लढाईने हजार मैलांवरच्या गावाची रोजीरोटी कशी जाते, हे फौजी माणसाला इथे वेगळं सांगावं लागत नाही.

श्रावण-भाद्रपदात आलात तर केवड्याचा वास घ्या. गंजामच्या केवड्याला भौगोलिक मानांकन आहे. आपण गौरी-गणपतीला एखादं कणीस आणतो. इथे बांधाबांधावर केवड्याची बनं आहेत आणि गावागावांत अर्क काढण्याच्या भट्ट्या.

आता काय करायचं नाही ते. पहिलं, समुद्रात पोहायला उतरू नका. कोकणातल्या उथळ किनाऱ्यांची सवय असलेला माणूस इथे हमखास फसतो. इथे किनाऱ्याला उतार जास्त, लाट अगदी जवळ येऊन फुटते आणि परतताना पायाखालची वाळू ओढून नेते. गुडघाभर पाण्यातला माणूस क्षणात कमरेपर्यंत जातो. चांगला पोहणारा जवानसुद्धा इथे परवानगीशिवाय पाण्यात जात नाही. नोलिया नको म्हणाला, तर तो हुकूम समजा.

दुसरं कासवांबद्दल. गोपाळपूरपासून तासाभरावर ऋषिकुल्या नदीचं मुख आहे. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, काही रात्रींत, ऑलिव्ह रिडले कासवं लाखांच्या संख्येने तिथे अंडी घालायला येतात. साधारण दीड महिन्याने पिल्लं बाहेर पडतात आणि उजेडाच्या दिशेने चालू लागतात. हा उजेड समुद्रावरच्या चकाकीचा असायला हवा. तो मोबाइलचा, गाडीचा किंवा हॉटेलचा असला तर पिल्लू उलट्या दिशेला जातं आणि मरतं.

हे मी कळवळून सांगतो, कारण या कासवांसाठी इथले मच्छीमार मोठी किंमत मोजतात. नोव्हेंबर ते मे असे सात महिने नदीमुखापासून वीस किलोमीटरपर्यंतच्या समुद्रात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. किनाऱ्यावरच्या गावांतली पोरं रात्र रात्र राखण करतात, वाट चुकलेली पिल्लं टोपलीत भरून पाण्यापर्यंत नेतात. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते सात महिने हात आखडते घेतात, आणि आपल्याला एका रात्रीपुरता फ्लॅश बंद ठेवणं जड जातं? वनखात्याची माणसं सांगतील तिथेच उभे राहा. थांबा म्हटलं तर थांबा, परत जा म्हटलं तर परत जा.

कोणी म्हणेल, ओडिशाची कासवं, आपल्याला काय? २०२१ मध्ये ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर टॅग लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत आपल्या गुहागरला अंडी घालताना सापडली. वेळासला कासवांची पिल्लं बघायला जाणाऱ्या मराठी माणसाला यापेक्षा जवळचं नातं कोणतं हवं?

पर्यटक नकोत, असं माझं म्हणणं नाही. १२ ऑक्टोबर २०१३ च्या रात्री फायलिन चक्रीवादळ याच गावाजवळ धडकलं. ओडिशात लाखो लोकांना आधीच हलवलं होतं म्हणून माणसं वाचली. पण छपरं, बोटी, जाळी गेली. अशा गावाला पाहुण्यांचा पैसा लागतोच. पण तो राहणाऱ्या, खाणाऱ्या, विकत घेणाऱ्या पाहुण्याचा. तीन तासांचा पाहुणा बहुतेक प्लास्टिकच मागे ठेवून जातो.

दुसऱ्या संध्याकाळी काहीच ठरवू नका. दीपगृहाची वेळ विचारून वर जा, खाली वाळूवर बसा, ब्रह्मपूरचे पापड खा. निवृत्त मित्रांनो, तुम्ही तर याच. कोर्सच्या धावपळीत जे बघायचं राहिलं, त्यासाठी आता तुमच्याकडे वेळ आहे.

जय हिंद.