धर्मादायाचे वकीलपत्र कोणाकडे?

‘बिर्ला विरुद्ध लोढा’ या नावाने जो दावा सबंध कलकत्ता शहर ओळखते, त्या नावातच एक असत्य दडलेले आहे. नाव ऐकणाऱ्याचा असा समज होतो की, या वादाला दोनच बाजू आहेत. एकीकडे रक्ताचे नातलग आणि दुसरीकडे मृत्युपत्रात ज्याचे नाव निघाले तो परका गृहस्थ. आमच्या कचेरीत मधल्या सुट्टीत चहाच्या पेल्यांभोवती या प्रकरणाची जी चर्चा झडते, तीही याच दोन तटांत वाटली जाते. आपले मराठी बांधव बहुधा पहिल्या तटात असतात. “घरचे सोडून हिशेबनिसाला इस्टेट? हे कसे शक्य आहे?” असा त्यांचा सात्त्विक संताप असतो. दुसऱ्या तटातील मंडळी, संख्येने थोडी पण आवाजाने मोठी, ‘ज्याची मालमत्ता त्याची मर्जी’ या सूत्राला धरून बसतात. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, हे दोन्ही तट मूळ मुद्दा बाजूला ठेवून भांडत आहेत. या वादात तिसरा एक हक्कदार होता. आणि त्याच्या वतीने न्यायालयात उभे राहण्याचे कर्तव्य कोणाचेच नव्हते.

प्रथम हकिकत. माधवप्रसाद बिर्ला हे रामेश्वरदास बिर्ला यांचे चिरंजीव. सिमेंट, ताग, तारा असे त्यांचे अनेक उद्योग. त्यांना व त्यांच्या पत्नी प्रियंवदादेवी यांना अपत्य नव्हते. १९८२ साली या दांपत्याने परस्परांना अनुलक्षून मृत्युपत्रे केली. मागे राहील त्याने संपत्ती उपभोगावी आणि त्याच्याही पश्चात ती धर्मादायास जावी, असा त्यांचा आशय. माधवप्रसाद १९९० मध्ये निवर्तले. १८ एप्रिल १९९९ रोजी प्रियंवदादेवींनी नवे मृत्युपत्र केल्याचे सांगण्यात येते. त्यानुसार सारी मिळकत त्यांचे सल्लागार व चार्टर्ड अकाउंटंट राजेंद्रसिंह लोढा यांच्याकडे जाते. ३ जुलै २००४ रोजी बाईंचे निधन झाले आणि हे मृत्युपत्र प्रकाशात आले. वृत्तपत्रांनी त्या वेळी इस्टेटीचा आकडा सुमारे पाच हजार कोटी रुपयांचा दिला होता. लोढा यांनी प्रोबेटसाठी अर्ज केला. बिर्ला कुटुंबीयांनी हरकत घेतली आणि १९८२ ची जुनी मृत्युपत्रे पुढे आणली. २००८ साली खुद्द लोढाही वारले व त्यांच्या मुलाने दावा पुढे चालविला. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने दावा चालू असेतो इस्टेट सांभाळण्यासाठी प्रशासकांची समिती नेमली. एवढे होऊनही, बाईंच्या मृत्यूला एकोणीस वर्षे उलटल्यावर, म्हणजे २०२३ च्या डिसेंबरातही, १९९९ चे मृत्युपत्र खरे की खोटे या मूळ प्रश्नाचा निकाल लागलेला नव्हता.

ते खरे की खोटे हे ठरविण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. त्यावर येथे एक अक्षरही लिहावयाचे नाही. माझा प्रश्न १९८२ च्या कागदाविषयी आहे.

त्या कागदात जो धर्मादाय होता त्याची आठवण कोणाला केव्हा झाली? ती मृत्युपत्रे न्यायालयाच्या पायरीवर आली ती २००४ चा वाद पेटल्यानंतर. संपत्ती परक्याकडे जाते असे दिसताच धर्मादायाचे निशाण फडकले. निशाण धरणाऱ्यांचा हेतू शुद्ध नव्हता असे मला म्हणावयाचे नाही. परंतु ज्या गोष्टीची आठवण प्रतिपक्षाचा पराभव करण्यासाठीच होते, ती गोष्ट साध्य नसून साधन असते, हे समजण्यास फार मोठ्या कायदेपांडित्याची गरज नाही. समजा, १९९९ च्या मृत्युपत्रात लोढा यांच्या जागी घरच्याच एखाद्या पुतण्याचे नाव निघाले असते. तर त्या गरीब धर्मादायासाठी कोणी कॅव्हेट दाखल केले असते काय? वाचकांनी आपल्या मनाशीच उत्तर द्यावे.

कॅव्हेटची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. २००८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच प्रकरणात जो निर्णय दिला, त्यात कसोटी अशी सांगितली की, मृत्युपत्रास हरकत घेऊ इच्छिणाऱ्याने त्या मृत्युपत्रामुळे आपला वारसाहक्क बुडतो हे दाखविले पाहिजे. कृष्णकुमार, बसंतकुमार प्रभृती बिर्ला मंडळी या कसोटीस उतरली नाहीत. माधवप्रसादांच्या बहिणींसारख्या जवळच्या वारसांची गोष्ट निराळी होती. कसोटी कायद्याला धरून आहे, यात शंका नाही. कोणीही उठावे आणि कोणाच्याही मृत्युपत्रात आडवे पडावे असे झाले तर प्रोबेटची कामे कधीच संपणार नाहीत. (तशीही ती संपत नाहीत, हा भाग वेगळा!) पण मग इस्पितळातील खाटेवरचा रुग्ण, शिष्यवृत्तीची वाट पाहणारा विद्यार्थी, ज्यांच्यासाठी १९८२ चा संकल्प झाला होता ते सारे अनामिक लोक, या कसोटीत कोठे बसतात? ते कोणाचे चुलतबंधू नाहीत, कोणाच्या नणंदा नाहीत. त्यांना आडनाव नाही, म्हणून दाव्याच्या शीर्षकात त्यांना जागा नाही.

आता ‘ज्याची मालमत्ता त्याची मर्जी’ या सूत्राकडे वळू. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचे बासष्टावे कलम स्पष्ट सांगते की, मृत्युपत्र करणाऱ्यास ते शुद्धीवर असेतो केव्हाही रद्द करता येते अथवा फिरवता येते. परस्परांशी करार करून केलेल्या मृत्युपत्रांना निराळा न्याय लावावा काय, हा वकिलांच्या वादाचा विषय. तो त्यांच्याकडेच असो. सामान्य नियम मात्र हाच, आणि तो योग्यही आहे. पण हा नियम मान्य केला की त्याचा पुढचा निष्कर्षही मान्य करावा लागतो, आणि तेथे आपला समाज कच खातो. जे केव्हाही परत घेता येते ते दिलेलेच नसते. आपल्या धर्मशास्त्रात दान करताना हातावर उदक सोडून ‘न मम’ म्हणावयाचे असते. आणि नारदस्मृतीने दिलेली वस्तू परत घेण्याच्या वादाला व्यवहाराचे एक स्वतंत्र पदच दिले आहे. आपल्या प्राप्तिकर खात्यालाही, ज्याला धर्मशास्त्राचे वावडे आहे असे पुष्कळांचे मत आहे, हे तत्त्व नेमके उमजलेले होते. १९६१ च्या कायद्याने परत घेता येण्याजोग्या हस्तांतरणाचे उत्पन्न देणाऱ्याच्याच नावावर धरले. म्हणजे, ‘तुम्ही दिले म्हणता, पण आम्ही तुम्हांलाच मालक समजतो’! कर गोळा करताना सरकार ज्या दानाला दान मानीत नाही, त्याच दानाबद्दल समाजाने मात्र दात्याच्या हयातीत त्याला हार घालावेत, याला भाबडेपणा म्हणावे की लाचारी?

याच कलकत्ता शहरात याहून निराळी रीत एकेकाळी होती. सर तारकनाथ पालित हे येथले नामांकित वकील. त्यांना मुलगा होता, तोही आय. सी. एस. झालेला, म्हणजे वारस नव्हता म्हणून दान झाले असे म्हणता येत नाही. तरीही १९१२ साली, स्वतः जिवंत असताना, त्यांनी आपली जमीन, घर आणि लाखो रुपये न्यासपत्र करून विद्यापीठाच्या स्वाधीन केले. त्यातून निघणाऱ्या प्राध्यापकाच्या जागा भारतीयांनाच मिळाव्यात अशी अट घातली. पुढच्याच वर्षी सर राशबिहारी घोष यांनी दहा लाख दिले. घोषबाबूही वकीलच. मृत्युपत्रांचे काय होते हे या दोघांनी आयुष्यभर न्यायालयात पाहिले होते, म्हणूनच त्यांनी मरणाची वाट पाहिली नाही, असा माझा तर्क आहे. १९१४ मध्ये विज्ञान महाविद्यालयाची कोनशिला बसली आणि त्याच वर्षी पालित वारले. १९१७ साली ‘पालित प्राध्यापक’ म्हणून जो तरुण त्या जागेवर आला, तो आपल्याच बिरादरीतला होता. अर्थखात्यातील पेन्शनीची नोकरी सोडून आलेला. चंद्रशेखर वेंकट रामन हे त्याचे नाव. पुढे ज्या शोधासाठी त्यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याचे प्रयोग बहुबाजारातील डॉक्टर महेंद्रलाल सरकारांच्या संस्थेत झाले हे खरे. पण त्या काळात त्यांचे पोट पालितांच्या दानावर चालत होते. पालितांनी हीच रक्कम मृत्युपत्रात लिहिली असती आणि मागे तिच्यावर दावा पडता, तर रामन बहुधा महालेखापाल होऊन सेवानिवृत्त झाले असते.

स्वतः माधवप्रसादांच्या बाबतीतही हाच न्याय दिसतो. चौरंगीवरील त्यांच्या नावाचे तारांगण १९६३ साली पंडित नेहरूंच्या हस्ते उघडले. दावे चालू होते तेव्हाही तेथे मुले रांगा लावून ध्रुव आणि सप्तर्षी पाहत होती. हयातीत उभे केले ते लोकांच्या कामी आले. मरणोत्तर कागदावर ठेवले ते न्यायालयाच्या कपाटात गेले. नव्हे, हयातीत उभ्या केलेल्या संस्थांच्याही खुर्च्या या वादाने हलविल्या. २०२० च्या सप्टेंबरात एका न्यायमूर्तींनी लोढापुत्रास समूहातील पदे धारण करण्यास मनाई केली. २०२३ च्या डिसेंबरात खंडपीठाने सांगितले की, कंपन्या, न्यास आणि संस्था यांचा कारभार म्हणजे मृत व्यक्तीची इस्टेट नव्हे, प्रोबेटच्या न्यायालयाने त्यात हात घालू नये. या तीन वर्षांत न्यासांच्या कारभारावर ज्या ज्या बाजूंनी हक्क सांगितला, त्यांत लाभार्थ्यांची बाजू एकही नव्हती.

आपल्यातील काहीजण या सगळ्यावर ‘शेटजींचे दान असेच असावयाचे’ असे म्हणून मोकळे होतात. हा शेरा मला मुळीच मान्य नाही. परप्रांतात बदली झाल्यावर ज्या धर्मशाळेत आपण पहिले आठ दिवस काढतो, ज्या इस्पितळात आपली मुले जन्मतात, ती बहुतेक याच शेटजींनी बांधलेली असतात. आणि आपल्या प्रांतातील ऐपतदार मराठी माणसाने परमुलखात किती इस्पितळे बांधली, हा हिशेब मांडावयास बसलो तर पाटी कोरीच राहण्याचे भय आहे. दोष जातीचा नाही, व्यवस्थेचा आहे.

व्यवस्थेत उणीव कोठे आहे? महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्त नावाचा अधिकारी १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्यापासून आहे, आणि मृत्युपत्राने सार्वजनिक न्यास निर्माण झाल्यास अंमलबजावणी करणाऱ्याने ठराविक मुदतीत त्याची नोंदणी करावी असे बंधनही आहे. या कार्यालयाच्या दिरंगाईच्या कथा आपणां सर्वांस ठाऊक आहेत. तरी दार ठोठवावयास एक दार आहे. बंगालमध्ये सर्व न्यासांसाठी असा अधिकारीच नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ब्याण्णवाव्या कलमाने महाधिवक्त्यास सार्वजनिक न्यासाच्या वतीने दावा लावता येतो, पण न्यास अस्तित्वात असेल तर! मृत्युपत्राच्या पोटात असलेला, अजून न जन्मलेला धर्मादाय त्या कलमाच्या आश्रयास येऊ शकत नाही. इंग्लंडात ज्या दाव्यात धर्मादायाचा संबंध येतो तेथे राजाचा महान्यायवादी त्याचा पालक म्हणून उभा राहतो. इंग्रजांचा सारा कायदा आपण उचलला. नेमका हा पालक तेवढा सीमेवर अडला.

माझी सूचना म्हणूनच फार मोठी नाही. प्रोबेटच्या अर्जात त्याच माणसाच्या एखाद्या आधीच्या मृत्युपत्राने धर्मादायास काही ठेवले होते असे निदर्शनास आले, की राज्याच्या महाधिवक्त्यास नोटीस गेलीच पाहिजे. आणि त्यास नातलगांप्रमाणेच बोलण्याचा हक्क असला पाहिजे. त्याने नंतरचे मृत्युपत्र मोडावे असा आग्रह नाही. ते खरे ठरले तर धर्मादाय हरेल, आणि हरलाच पाहिजे. परंतु तो आपल्या वकिलाच्या तोंडून हरो. आणि ज्या श्रीमंतांना जनतेसाठी खरोखर काही ठेवावयाचे आहे, त्यांच्यासाठी १८९० चा धर्मादाय देणग्यांचा कायदा आहे. त्याखाली मिळकत सरकारी कोषपालाकडे निहित करता येते आणि मग तिच्यावर पुतण्याचा डोळा चालत नाही आणि सल्लागाराचाही नाही. व्याज सरकारी दराने मिळते, नाव पाटीवर येत नाही, उद्घाटनास मंत्री येत नाहीत. कदाचित यामुळेच तो मार्ग फारसा वापरात नसावा.

अशा तरतुदीस कामाचा बोजा वाढेल अशी हरकत निघणार, ती मला तोंडपाठ आहे. मी स्वतः तशा हरकती फाईलींवर मांडीत असतो. तिचे उत्तर एवढेच की, एका नोटिशीचा मसुदा चार ओळींचा असतो आणि तो लिहावयास वरच्या श्रेणीचा कारकूनसुद्धा लागत नाही.