एवढी सोलं वाळू देत

जून लागला की तुमच्याआमच्या घरात एकच गडबड. वह्यांना कव्हरं घाला, गेल्या वर्षीचा रेनकोट पोराला होतोय का बघा, दप्तराचे उसवलेले बंद शिवून घ्या. आणि हो, सुट्टीत आठ-आठ वाजेपर्यंत लोळणाऱ्या मुलांना शाळेच्या दिवशी एकदम सहाला उठवू नका. आतापासून रोज पंधरा मिनिटं आधी हाक मारा, म्हणजे पहिल्या दिवशीची रडारड टळते. हे सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. आज मला दुसरंच सांगायचंय, तेही जरा ओशाळून.

आमचं ओरोस म्हणजे कचेऱ्यांचं गाव. १९८१ साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला, त्याचं ठाणं इथं वसलं. जिल्ह्याला नाव किल्ल्याचं, पण किल्ला तीसेक किलोमीटरवर, मालवणच्या समुद्रात. ओरोसहून कसालला जायचं, तिथून मालवणची गाडी धरायची. फार लांब नाही, पण ‘जाऊ की कधीतरी’ म्हणण्याइतकं लांब आहेच.

२०२५ साली माझा मुलगा चौथी पास झाला. चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास, त्यामुळे वर्षभर घरात गडकिल्लेच चाललेले. १६६४ साली कुरटे बेटावर महाराजांनी या किल्ल्याचं काम सुरू केलं, हे त्याला तोंडपाठ. पण त्याला अडलं ते विहिरींशी. “आई, सगळीकडे खारं पाणी, मग दूधबाव, दहीबाव आणि साखरबावेचं पाणी गोड कसं?” मी इतिहासाची बी. ए., शाळेत अर्धवेळ शिकवणारी. ऐटीत म्हटलं, “सुट्टी लागू दे. तिथं नेते, चाखूनच बघ.”

सुट्टी लागली, आणि परड्यातले रातांबेही पिकले. ज्यांनी घरी सोलं केलीत त्यांना सांगायला नको. फळं फोडायची, बिया-गर वेगळा काढायचा, त्यात मीठ घालून रस सुटू द्यायचा. साली त्या रसात बुडवायच्या, उन्हात घालायच्या, पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. पाच-सात वेळा तरी हे करावंच लागतं, नाहीतर सोलं काळी होत नाहीत नि टिकतही नाहीत. बिया टाकायच्या नाहीत, त्यांचं तेल थंडीत पायांच्या भेगांना लागतं. यात एक दिवस ऊन चुकलं की बुरशी. सासूबाईंचा तगादा वेगळाच, “गो, पावस इलो की सगळां कुजतला. आधी सोलां कर.”

मुलगा रोज सकाळी विचारी, “आज?” मी रोज म्हणे, “एवढी सोलं वाळू देत रे.” आठवड्याभरानं तो “आज?” म्हणेनासा झाला. नुसता अंगणात येऊन तट्ट्यावरची सोलं चाचपून बघायचा. मला वाटलं, मदत करतोय.

त्या वर्षीचा पाऊस तुमच्याही लक्षात असेल. एरवी मृगाच्या आसपास येणारा, तो २५ मेलाच देवगडापर्यंत पोचला. आणि त्याआधी चार-पाच दिवस अवकाळीनं झोडपलं ते निराळंच. निम्मी सोलं भिजून गेली. आता सोलंही नाहीत नि काही नाही, म्हणून एका सकाळी उघडीप बघून दोघा मुलांना घेऊन निघालेच मालवणला. धक्क्यावर पोचलो तर समुद्र खवळलेला. एक म्हातारे होडीवाले म्हणाले, “बाय, होड्यो बंद झाल्यो गो. आता पावस गेल्यार येवा.” दरवर्षीच मे अखेरीला होड्या थांबतात त्या सप्टेंबरात सुरू होतात. एवढी साधी गोष्ट, मला माहीत नव्हती असं कसं म्हणू? मुलगा रडला नाही. किल्ल्याकडे बघत बसला, मग म्हणाला, “चल, गाडी चुकेल.”

यंदा मात्र मेच्या पहिल्याच रविवारी निघालो. रातांबे अर्धे झाडावर, अर्धे टोपलीत. त्याला विचारलं तर मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, “चालेल.” पाचवी झाली ना आता! प्रश्न सगळे धाकटीचे. ती सात वर्षांची. किल्ल्यात अजून घरं आहेत, माणसं राहतात. तिथल्या एका बाईंनी साखरबावेजवळ तिच्या ओंजळीत कळशीतलं पाणी ओतलं. ती प्यायली आणि हिरमुसून म्हणाली, “यात साखर कुठं आहे?”

मुलगा हसला. “अगं, गोडं म्हणजे खारट नसलेलं.” मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, “मलापण गेल्या वर्षी वाटलेलं, खरंच साखरेसारखं असेल.”

परत येताना गाडीत दोघंही माझ्या अंगावर रेलून झोपली. माझा डोळा लागला नाही.

यंदा सोलं दीडच बरणी झालीत. सासूबाईंनी बरणी हलवून बघितली, झाकण लावलं, म्हणाल्या, “ह्या वर्सा कढी जरा पातळच होतली गो.”