कयाक बॅगेतच राहिला!

वीकएंड म्हटलं की आपल्या डोक्यात तीनच नावं येतात. लोणावळा, अलिबाग, नाहीतर सरळ गोवा. या वेळी आम्ही तिघांनी ठरवलं, पार दुसऱ्या टोकाला जायचं. कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस जिथे संपते, त्या गोंदियाला! आमच्यातल्या आयटीवाल्याने हवा भरायचा नवाकोरा कयाक घेतला होता. त्याचं उद्घाटन नवेगावबांधच्या तलावात, असा फुल टू प्लॅन.

गोंदियापासून साधारण 65 किलोमीटरवर हा तलाव. चहूकडे टेकड्या, मध्ये मालडोंगरी नावाचं बेट आणि नजर पुरणार नाही इतकं पाणी. गावातून तीन सायकली मिळवल्या आणि निघालो. माझ्या सायकलची घंटा सोडून बाकी सगळं वाजत होतं. तलावाच्या पाळीपाशी ती पंक्चर झाली. झालं, आता ढकला!

पण ढकलत चालल्यामुळेच पाळ नीट बघितली. शेळ्या चारणाऱ्या एका आजोबांना मी विचारलं, "इतका मोठा तलाव आपोआप कसा तयार झाला हो?" आजोबा हसले. "आपोआप नाही जी. कोलू पाटलानं बांधला."

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोहळी समाजातल्या कोलू पाटलांनी हा तलाव बांधला, असं इथे सांगतात. आज ते कोलासुर देव म्हणून पुजले जातात. भोवतालच्या सात शिखरांना सातबहिणी म्हणतात. बांधकामात त्यांनीही हातभार लावला, अशी श्रद्धा आहे. ना जेसीबी, ना प्रेझेंटेशन. दोन टेकड्यांमधली जागा हेरायची, मातीची पाळ घालायची आणि धानाला पाणी द्यायचं. आमचं सॉफ्टवेअर तीन वर्षांत जुनं होतं, हा प्रोजेक्ट तीनशे वर्षं चालू आहे!

आता कयाक. काठावर पंप काढला, तर एक मच्छीमार काका जवळ आले. "परवानगी काढली का जी? आन् आमची जाळी आहेत पाण्यात. तुमचं हे वल्हं अडकलं तं जाळं फाटंल."

आम्ही गप्प. आमच्यासाठी तो वीकएंड होता, त्यांच्यासाठी पगार. पंप मुकाट्याने बॅगेत गेला. आमचे चेहरे बघून काकांनीच आम्हाला डोंग्यात बसवलं आणि काठाकाठाने थोडं फिरवलं. कुठे जाळं टाकलंय आणि कुठे पाणी खोल आहे, हे ते वल्हं न थांबवता सांगत होते. पुढे काठावर हिरवीगार झुडपं दिसली. मी म्हटलं, "किती छान!" काका म्हणाले, "छान कायचं? बेशरम आहे ते."

झुडपाचं नावच बेशरम! बाहेरून आलेली ही वनस्पती पसरली, की देशी पाणवनस्पती, मासे आणि पक्षी यांची जागा जाते. भंडारा-गोंदियात असे हजारो माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना लाडाने 'मामा तलाव' म्हणतात. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि बऱ्याच ठिकाणी गाळ साचत गेला. पण सगळं निराशेचं नाही. याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात मनीष राजनकर यांनी ढिवर मच्छीमारांना सोबत घेऊन बेशरम उपटायचं आणि देशी वनस्पती पुन्हा लावायचं काम केलंय. कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते, हे ज्ञान मच्छीमारांचंच.

परतताना आयटीवाला म्हणाला, "यार, कयाक वाया गेला." मला नाही वाटत. तो बॅगेत राहिला, म्हणून तर काकांशी बोलणं झालं. आपण शहरातले लोक तलावावर जातो, फोटो काढतो आणि निघतो. तो सांभाळतं कोण, हे एकदा विचारून तर बघा!

कसं जाल? गोंदिया-बल्लारशाह मार्गावरचं देवलगाव हे जवळचं स्टेशन.
कधी? स्थलांतरित पक्षी बघायचे तर हिवाळ्यात.
सोबत काय? दुर्बीण, पंक्चरचं सामान आणि मारुती चितमपल्लींचं 'नवेगावबांधचे दिवस'. 2025 मध्ये आपल्यातून गेलेले चितमपल्ली वन अधिकारी म्हणून इथे राहिले होते.
आणि हो, पाण्यात उतरण्याआधी परवानगी घ्याच!